आमच्या शाळेचा अधिकृत संशयित

मामांना संशयित मी केलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मोठ्या बाईंना आणि सुरक्षासाहेबांना शिव्या घालण्याच्या भरात माझा वाटा तुमच्या ध्यानात राहायचा नाही, आणि मला फुकटचं चांगलं व्हायचं नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि मामा म्हणजे शिपाई. त्यांना नाव आहे, हजेरीपटावर दर महिन्याला लिहिलं जातं, पण शाळेत शिपायाला मामाच म्हणतात. बाविसाव्या वर्षी ते नोकरीला लागले आणि त्याच दिवशी अडीचशे-तीनशे मुलांचे मामा झाले. ते नातं इतकं चिकटलं की लग्नानंतर त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणू लागले, आणि खुद्द मामीसुद्धा त्यांना "अहो मामा, कांदे संपलेत" अशी हाक मारतात. याला आता एकोणतीस वर्षं झाली.

मामांची कामं सांगायची तर घंटा वाजवणं, पाण्याची टाकी भरणं, खडू वाटणं, पंख्यावर अडकलेला चेंडू काढणं. शिवाय एक काम कुठल्याच आदेशात नाही. पहिली-दुसरीच्या मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधणं. गेटजवळच्या पायरीवर पोर उभं राहतं, पाय पुढे करतं आणि मामा वाकतात. "गाठ दुहेरी हवी की साधी?" असं विचारतात. साधी म्हणणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही.

पण त्यांचा खरा जीव गेटवर. शाळा सुटली की मामा गेटला पाठ लावून उभे राहतात आणि तीनशे बारा मुलं कुणाबरोबर जातात ते बघतात. कुणाला आजोबा नेतात, कुणाला आत्या, कुणाची आई दर गुरुवारी उशिरा येते, सगळं तोंडपाठ. मुलांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली आहेत. एक 'भोंगा' आहे, एक 'कारण की', एक 'मी नाही मामा'. दुसरीतली एक मुलगी 'दप्तर'. मागून पाहिली तर दप्तर आणि खाली दोन पाय, एवढंच दिसतं. ही दप्तर फारशी बोलत नसे. पाय पुढे करायची, दुहेरी गाठ बांधून घ्यायची आणि निघून जायची.

एकदा मी मामांना विचारलं होतं, "एवढ्या गर्दीत तुम्हाला माणसं ओळखू येतात कशी?"

"माणसांकडे बघतो कोण, बाई! माणसाचं तोंड काय, हसरं करता येतं. मी पोरांचे पाय बघतो. न्यायला आलेल्या माणसाकडे पोराचे पाय आपोआप वळले की आपलं माणूस. पाय जमिनीला चिकटले की मी मध्ये पडतो. एवढंच."

मी हसले होते. तेव्हा मला वाटलं होतं की मामा उगाच भाव खातायत.

मग वरच्या ऑफिसातून एक कागद आला. मुलांना संशयास्पद वर्तन ओळखायला आणि त्याची तक्रार करायला शिकवा, असा त्यात हुकूम होता. कागदामागोमाग स्वतः सुरक्षासाहेब आले. गोरेगोमटे, चाळिशीचे, बोलताना बोटं मोजायची सवय असलेले. त्यांच्याकडे अकरा लक्षणांची यादी होती. टोपी, काळा चष्मा, लांब कोट, शाळेच्या आसपास बराच वेळ विनाकारण उभं राहणं, मुलांशी हसून बोलणं, मुलांना टोपणनावाने हाक मारणं, खिशात गोळ्या बाळगणं, आणि असंच करत करत अकरावं, सर्वांत गंभीर, मुलाचा हात धरून नेणं.

आता सांगा, यातली टोपी, चष्मा आणि कोट वगळले तर उरलं कोण? खिशात गोळ्या घेऊन गेटवर उभा राहून टोपणनावांनी हाका मारणारा माणूस आमच्याकडे एकच होता, आणि तो त्या वेळी साहेबांना पाणी देत होता. पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्ही माना डोलावल्या.

साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संशयित माणसाचा मोठा तक्ता हवा होता. इथे माझा नंबर लागला. माझी एक अडचण आहे, समोर कुणी उभं राहिल्याशिवाय मला माणूस काढता येत नाही. मनाने काढला की त्याचा टोमॅटो होतो. बाकीचे शिक्षक पेपर तपासत होते आणि गणिताच्या सरांना दोन मिनिटं एका जागी उभं राहता येत नाही. उरले मामा. गॅदरिंगच्या पेटीतला कोट आणि टोपी मी काढली. काळा चष्मा मामांनीच घरून आणला, सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या वेळचा. "बाई, हा चालेल का? काच जरा सैल आहे," असं म्हणत त्यांनी तो किती हौसेने पुसला, ते आठवलं की अजून मला शरमेने जागच्या जागी गडप व्हावंसं वाटतं.

दोन तास मामा हलले नाहीत. चित्र माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच हुबेहूब आलं. फक्त डोक्यापासून सुरुवात केली आणि कागद गुडघ्यांपाशी संपला, त्यामुळे पाय राहिले. साहेबांना तक्ता भलताच आवडला. "काय नजर आहे! काय थंडपणा! असा माणूस तुम्हाला सुचला कसा?" ते म्हणाले. मामा शेजारी कपबश्या उचलत होते. चष्मा काढला होता, त्यामुळे साहेबांनी ओळखलं नाही.

त्या तक्त्याच्या प्रती गावातल्या सगळ्या शाळांत लागल्या. मामींना आधी फार अभिमान वाटला. त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि चौकट करून बाहेरच्या खोलीत लावली. नातेवाईक आले की म्हणायच्या, "सगळ्या शाळांतून लावलाय हो." नातेवाईक चित्राखालची 'यांच्यापासून सावध राहा' ही ओळ वाचायचे आणि चहा लवकर संपवायचे. पुढे मामा भाजी आणायला गेले की दुसऱ्या शाळांची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली, कारण तोवर साहेबांनी गावातल्या प्रत्येक मुलाला गळ्यात अडकवायला एकेक शिट्टी दिली होती. मामी मग भाजीला स्वतः जाऊ लागल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण साहेबांचं म्हणणं पडलं की नुसत्या तक्त्याने मुलं शिकत नाहीत, प्रात्यक्षिक हवं. दर बुधवारी शेवटच्या तासाला सगळी मुलं मैदानात जमतील, एक संशयित आवारात फिरेल, मुलांनी त्याला हुडकायचं, शिट्टी वाजवायची आणि लाल पेटीत तक्रारीची चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी छापील होती. कोण दिसलं, कुठे दिसलं, त्याने काय केलं, आणि शेवटी 'तुला कसं वाटलं?' त्यापुढे तीन चौकोन. भीती वाटली, रडू आलं, पोटात गोळा आला. योग्य तिथे खूण करायची.

संशयित कोण, यावर चर्चाही झाली नाही. कोट मामांच्या मापाचा होता. मोठ्या बाईंनी रीतसर आदेश काढला की शिपाई यांनी नेहमीची कामं सांभाळून आठवड्यातून एक तास संशयित म्हणून काम पाहावं.

मामांनी हे काम मनावर घेतलं. कुठलंही काम ते मनावरच घेतात. मंगळवारी संध्याकाळी माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, संशयास्पद चालायचं म्हणजे नेमकं कसं? मी घरी चालून दाखवलं तर ही म्हणाली, कंबर दुखतेय का?"

पहिल्या बुधवारी मामा कोट-टोपी-चष्मा घालून भिंतीच्या कडेकडेने निघाले. शंभर मुलं धावत गेली. मला वाटलं, आता शिट्ट्या होणार. "मामा, तुमची टोपी मला द्या ना!" "मामा, चष्म्यातून मी कसा दिसतो?" भोंगाने कोटाच्या खिशात हात घालून गोळी काढली. पहिलीतल्या एकीने पाय पुढे केला. मामांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, साहेबांकडे पाठ करून खाली बसले आणि दुहेरी गाठ बांधून दिली. पेटी उघडली तेव्हा आत एकही चिठ्ठी नव्हती. एक अर्धा खाल्लेला बिस्किटाचा तुकडा होता.

साहेबांचा चेहरा पडला. "मुलांना धोका कळतच नाहीये," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक चिठ्ठीला एक सोनेरी चांदणी जाहीर केली.

चांदणी म्हटल्यावर मुलांना जो धोका कळायला लागला, तो काय सांगावा! पेटी भरून वाहू लागली. पेटीची किल्ली मामांकडे, त्यामुळे चिठ्ठ्या काढून वहीत उतरवायचं कामही त्यांच्याचकडे. 'मोठ्या बाई मधल्या सुट्टीनंतर दार लावतात आणि आतून घोरल्याचा आवाज येतो.' 'गणिताचे सर घड्याळ बघून एकटेच हसतात.' 'चित्रबाई स्वतःशी बोलतात आणि स्वतःलाच रागावतात.' एका मुलाने स्वतःचीच तक्रार केली, 'मी आज दोनदा मागे वळून बघितलं.' एक चिठ्ठी अशी होती, 'एक अनोळखी काका दर बुधवारी येतात आणि आम्हाला मोजतात.' ही साहेबांना फार लागली. त्यांनी फर्मान काढलं की यापुढे चांदणी फक्त बरोबर उत्तराला, म्हणजे नेमलेल्या संशयिताला ओळखलं तरच.

मुलं हुशार. त्यांनी सरळ मामांनाच विचारायला सुरुवात केली. "मामा, आज तुम्ही कुठे लपणार?"

"टाकीमागे," मामा सांगायचे. "पण आधी थोडं शोधल्यासारखं करा हं, साहेबांना बरं वाटतं."

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना मामा स्वतः शेजारी बसवून स्वतःविरुद्धच्या तक्रारी लिहायला मदत करायचे. पेन्सिलींना टोकं करून द्यायचे. "'संशयित माणूस टाकीमागे वाकून उभा होता.' लिहिलंस? आता खाली खूण कर. काय वाटलं तुला?" "काही नाही वाटलं, मामा." "अरे, चांदणी पाहिजे ना? कर भीतीवर." सहा आठवडे असं चाललं. निकाल शंभर टक्के. साहेबांनी वर कळवलं की उपक्रम कमालीचा यशस्वी झाला आहे. खोटं बोलत नाही, मलाही माझ्या तक्त्याचा अभिमान वाटला.

पण वरच्या ऑफिसात टेबलं दोन. एका टेबलावर उपक्रम चालवतात, दुसऱ्यावर तक्रारी मोजतात, आणि या दोन टेबलांची बोलचाल नसावी. कारण त्यानंतरच्याच आठवड्यात दुसऱ्या टेबलाकडून पत्र आलं. आपल्या शाळेत एकाच इसमाविरुद्ध मुलांच्या अठराशेहून अधिक लेखी तक्रारी असून तो अद्याप गेटवर कसा, याचा खुलासा करावा, आणि त्याला तात्काळ मुलांपासून दूर ठेवावं.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. खुलासा पाठवला, त्याला पोच आली, उत्तर आलं नाही. शेवटी मामांना गेटवरून काढलं आणि अडगळीच्या खोलीत बसवलं. तुटकी बाकं, जुने नकाशे आणि मामा. गेटवर एजन्सीचा निळ्या कपड्यांतला रखवालदार आला. त्याच्या हातात अकरा लक्षणांचा कागद, एकेक बघायचं आणि रकान्यात फुली किंवा बरोबरची खूण करायची. माणसाशी बोलायचं त्याच्या कामात नव्हतं. बुधवारचं प्रात्यक्षिक मात्र चालूच राहिलं, कारण ते बंद करण्याचा कागद आलेला नव्हता. म्हणजे मामांनी आठवडाभर मुलांपासून दूर राहायचं आणि बुधवारी कोट घालून त्यांच्यात फिरायचं.

मी अडगळीच्या खोलीत भेटायला गेले. मामा एका बाकाचा पाय ठोकून बसवत होते. मी म्हटलं, "मामा, माझ्यामुळे झालं हे." मला रडू येत होतं.

"तुमचं चित्र चांगलं होतं, बाई," ते म्हणाले. मग हातोडी खाली ठेवली. "माझं सोडा. मी इथे बसेन, तिथे बसेन. पण तो निळा पोरगा कागदात बघतो हो. पोरांचे पाय कोण बघतंय?"

मी साहेबांकडे जाऊन भांडायला हवं होतं. मी गेले नाही. मला वाटलं, थोडे दिवस जाऊ देत, निवळेल. हे लिहितानाही त्याचा मला राग येतो.

पुढचा बुधवार आला. शेवटच्या तासासाठी वर्ग मैदानात जमायला लागले होते. एक माणूस गेटवर आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी नाही, चष्मा नाही, कोट नाही. हातात टाइप केलेलं पत्र की अमुक मुलीची आई दवाखान्यात आहे, तिला यांच्याबरोबर पाठवावं. रखवालदाराने यादी धरली. अकराच्या अकरा फुल्या. त्याने मुलीला बोलावून घेतलं. ती आली. ती दप्तर होती.

माणूस तिच्याकडे बघून छान हसला, म्हणाला, "चल बाळा." ती म्हणाली, "मी दप्तर विसरले, घेऊन येते," आणि वळून परत निघाली. रखवालदाराने वहीत लिहिलं, 'मुलगी दप्तर आणण्यास गेली.' दप्तर तिच्या पाठीवर होतं. तिच्यापेक्षा मोठं दप्तर, पाठीवर, आणि त्या दोघांपैकी एकालाही ते दिसलं नाही.

ती वर्गात गेली नाही. सरळ अडगळीच्या खोलीत गेली. मामा कोटाची बटणं लावत होते, टोपी-चष्मा चढवून झाला होता. हे पुढचं मला मामांनीच सांगितलं.

"मामा, आज बुधवार आहे ना? तुम्ही संशयित आहात ना?"

"हो ग. अजून निघालो नाही. शिट्टी एवढ्यात नको वाजवूस."

"मग तुम्हाला दुसरे संशयित ओळखू येत असतील."

मामांनी चष्मा वर केला. "का? काय झालं?"

"गेटवर एक काका आलेत. आई दवाखान्यात आहे म्हणतात. आणि हसतात."

मामांनी तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही बूट एकमेकांना चिकटलेले आणि टोकं दाराकडे नाही, भिंतीकडे. एका बुटाची नाडी सुटलेली. मामांनी दुसरं काही विचारलं नाही. हात पुढे केला, तिने तो धरला आणि दोघं बाहेर आले.

बाहेर मैदानात तीनशे अकरा मुलं गळ्यातल्या शिट्ट्या तोंडात धरून संशयिताची वाट बघत उभी होती. आणि संशयित आला. टोपी, काळा चष्मा, लांब कोट, आणि हातात मुलीचा हात! अकरावं लक्षण, सर्वांत गंभीर, जे आजवरच्या एकाही बुधवारी बघायला मिळालं नव्हतं. पोरांना कोण आनंद झाला! तीनशे अकरा शिट्ट्या एकदम वाजल्या. मी व्हरांड्यात होते, माझ्या हातातला रंगांचा डबा पडला. मोठ्या बाई झोपेतून उठून दार उघडून बाहेर आल्या. साहेब घड्याळ लावून वेळ मोजत होते आणि "उत्तम, उत्तम!" म्हणत होते. मुलं ठरल्याप्रमाणे "दूर व्हा! दूर व्हा!" असं ओरडत मामांच्या मागोमाग गेटकडे निघाली.

मामा थांबले नाहीत. गेटपाशी गेले, त्या माणसासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही हिचे कोण?"

तो काय म्हणाला ते शिट्ट्यांत ऐकू आलं नाही. त्याने काळ्या चष्म्याकडे पाहिलं, मागच्या तीनशे अकरा तोंडांकडे पाहिलं आणि उलट्या पावली निघाला, आधी चालत, मग पळत. पत्र रखवालदाराच्या हातातच राहिलं. रखवालदाराने नोंद पुरी केली, 'वर्तन समाधानकारक. घाईत निघून गेले.'

शाळा सुटायच्या वेळी दप्तरची आई नेहमीसारखी आली, धडधाकट, हातात भाजीची पिशवी. कुठला दवाखाना नि कुठलं काय! तिला सांगितल्यावर ती पायरीवर मटकन खाली बसली. पोलीस आले, पत्र घेऊन गेले. तो माणूस कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही.

कुणालाही वाटेल, आता मामांना हार घालतील. पण त्या संध्याकाळी लाल पेटीत तीनशे बारा चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्या मामांविरुद्ध, सगळ्या अकराव्या लक्षणाच्या, सगळ्या खऱ्या. तीन दिवसांत चौकशी समिती बसली. साहेब, वरच्या ऑफिसातल्या दुसऱ्या टेबलावरच्या एक करड्या केसांच्या बाई, मोठ्या बाई, आणि तक्ता काढणारी म्हणून मी. मामी बोलावणं नसताना आल्या, काखेत चौकटीतलं चित्र घेऊन. ते त्यांनी टेबलावर उभं केलं आणि म्हणाल्या, "हा घ्या तुमचा माणूस. हा ठेवा, काढा, काय करायचं ते करा. माझा परत द्या."

साहेबांची खरोखर पंचाईत झाली होती. "मुलांनी ओळखलं ते बरोबरच ओळखलं," ते बोटं मोजत म्हणाले. "तक्रारी खोट्या म्हटल्या तर उपक्रम खोटा ठरतो. खऱ्या म्हटल्या तर यांना नोकरीवरून काढावं लागतं."

"ते त्या मुलीला वाचवत होते!" मी ओरडले. मी एरवी ओरडत नाही.

"तसा रकाना नाही," करड्या केसांच्या बाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी खरंच कागद उलटसुलट करून शोधला.

नियम असा की प्रत्येक तक्रार मोठ्याने वाचायची. मोठ्या बाई वाचू लागल्या. संशयिताने मुलीचा हात धरला, भीती वाटली. संशयिताने हात धरला, भीती वाटली. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. बाईंचा घसा बसला तेव्हा खुद्द मामांनी उठून पाणी आणून दिलं आणि परत आरोपीच्या खुर्चीवर जाऊन बसले. एकामागून एक सगळ्यांना भीती वाटली होती. मामा मान खाली घालून ऐकत होते. त्यांनीच शिकवलं होतं ना, भीतीवर खूण कर म्हणून.

शेवटची चिठ्ठी दुसरीतली होती. मोठ्या बाईंनी वाचली. "कोण दिसलं? मामा. कुठे? गेटवर. काय केलं? माझा हात धरला. तुला कसं वाटलं?" आणि बाई थांबल्या.

"कुठे खूण आहे?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. छापलेले तीन चौकोन रिकामे होते. त्यांच्या खाली पट्टीने, पेन्सिलीने, एक चौथा चौकोन काढला होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'बरं वाटलं.' आणि त्यावर खूण होती.

साहेबांनी त्या चौकोनावरून बोट फिरवलं. "हा छापलेला नाही," ते म्हणाले.

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपण छापला नव्हता."

करड्या केसांच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मामांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

मामांनी चिठ्ठी जवळ ओढली, वाचली, पुन्हा वाचली आणि परत ठेवली.

"तिची नाडी सुटली होती हो त्या दिवशी," ते म्हणाले. "गडबडीत बांधायची राहिली. उद्या सकाळी गेटवर बांधतो."

आणि कुणीच त्यांना 'नाही' म्हटलं नाही.